विटोशा नावाचा क्लब कधी नव्हताच! (लेव्स्की सोफिया)

पर्वतीकर

१० जुलै १९९४. रविवारची रात्र, साडेनऊला वर्ल्डकपची बल्गेरिया-जर्मनी मॅच, दुसऱ्या दिवशी शाळा. आई दर पंधरा मिनिटांनी "बंद कर तो टीव्ही" म्हणत होती आणि बाबा दर पंधरा मिनिटांनी "एवढा हाफ होऊ दे" म्हणत होते. जर्मनी तेव्हा जगज्जेते. माथेउसने पेनल्टी मारली तसे बाबाही चष्मा काढून उठायला लागले. मग ७५व्या मिनिटाला स्टोइचकोव्हची फ्रीकिक, ७८व्या मिनिटाला लेचकोव्हचं टक्कल, बॉल जाळ्यात आणि आई खुर्ची ओढून बसलेली. आमच्या घरात त्यानंतर कित्येक वर्षं अशक्य गोष्ट घडली की "बल्गेरिया झालं" म्हणायचे. गॅसचा सिलिंडर वेळेवर आला, बल्गेरिया झालं.

त्या संघाचा कप्तान गोलकीपर बोरिस्लाव मिहायलोव्ह. गोल मारणारा हृस्टो स्टोइचकोव्ह. फार नंतर वाचलं की या दोघांना १९८५ साली एकाच मॅचवरून आजन्म बंदी झाली होती. एक या बाजूचा, दुसरा त्या बाजूचा. तिथून जो शोध सुरू झाला तो सोफियाच्या लेव्स्की या क्लबापाशी येऊन अडकला, म्हणून हा धागा.

१९ जून १९८५, सोफिया, बल्गेरियन चषकाची फायनल. एकीकडे सीएसकेए, लष्कराचा क्लब. दुसरीकडे लेव्स्की, त्या वर्षीचा लीग विजेता. सीएसकेए २-१ जिंकलं, पण स्कोअर कोणाच्या लक्षात नाही. मैदानावर गुद्दागुद्दी झाली. तेव्हा तिथे एकच पक्ष होता, आणि त्या पक्षाच्या केंद्रीय समितीने ठरवलं की हे समाजवादी नैतिकतेला शोभत नाही. दोन्ही क्लब बरखास्त. लेव्स्कीचं विजेतेपद काढून घेतलं. बंद्या घातल्या. आणि नावं बदलली: सीएसकेएचं झालं 'स्रेडेट्स' (सोफियाचं मध्ययुगीन नाव), लेव्स्कीचं झालं 'विटोशा' (शहराच्या डोक्यावरचा डोंगर). म्हणजे उद्या मुंबईत दोन संघ भांडले म्हणून एकाचं नाव 'माहीम' आणि दुसऱ्याचं 'कान्हेरी' ठेवण्यासारखं.

बंद्या फार टिकल्या नाहीत. पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या वर्ल्डकपला मिहायलोव्ह गोलमध्ये उभा होता. नावं मात्र चार-पाच वर्षं तशीच राहिली.

आता गंमत बघा. ज्या मैदानावर हे झालं त्याचं नाव वासिल लेव्स्की राष्ट्रीय स्टेडियम. ते नाव ठेवणारं सरकार हेच. माणूस चालतो, पुतळा चालतो, स्टेडियम चालतं, फक्त त्या नावाचा क्लब चालत नाही.

वासिल लेव्स्की म्हणजे बल्गेरियाचा सर्वात मोठा क्रांतिकारक. जन्म १८३७, कार्लोव्हो गावचा, मूळ आडनाव कुंचेव्ह. आधी मठात दीक्षा घेतलेला, मग ती सोडून उस्मानी सत्तेविरुद्ध गावोगाव गुप्त समित्या बांधणारा. 'लेव' म्हणजे सिंह. लेव्स्की म्हणजे सिंहासारखा. १८७२च्या डिसेंबरात लोवेचजवळच्या एका खानावळीत पकडला गेला, १८७३च्या फेब्रुवारीत सोफियात फाशी. त्याला कुठे पुरलं हे आजही नक्की नाही. "जिंकलो तर सगळ्या लोकांसाठी जिंकेन, हरलो तर फक्त स्वतःला हरेन" हे त्याचं वाक्य तिथल्या शाळकरी मुलांना पाठ असतं.

आणि हा क्लब काढला तोही शाळकरी मुलांनीच. सोफियाच्या दुसऱ्या मुलांच्या हायस्कूलमधली पोरं, तारीख २४ मे १९१४. बल्गेरियात २४ मे म्हणजे सिरिल आणि मेथोडियसचा, अक्षरांचा सण, शाळांच्या मिरवणुका निघतात. बारावी-दहावीच्या वयाच्या मुलांनी त्या दिवशी क्लबाला देशाच्या हुतात्म्याचं नाव दिलं. दोन महिन्यांत महायुद्ध सुरू झालं.

नावाचा प्रवास एका दमात सांगतो. १९१४ लेव्स्की. १९४९ला सोव्हिएत धर्तीवर 'डायनामो'. १९५७ला पुन्हा लेव्स्की. १९६९ला पोलिसांचा, म्हणजे गृहखात्याचा स्पार्ताक सोफिया हा क्लब त्यात मिसळून 'लेव्स्की-स्पार्ताक'. १९८५ला विटोशा. आणि १९८९च्या सुमारास, कम्युनिस्ट सत्ताधीश झिवकॉव्हची खुर्ची गेली त्याच हवेत, पुन्हा लेव्स्की. या सगळ्या काळात रंग निळाच.

माझा प्रश्न साधा आहे. नाव पाच वेळा बदललेला क्लब तोच क्लब कसा राहतो?

----

चिवट

मस्त धागा. १९९४ची आठवण अगदी अशीच, फक्त आमच्याकडे आजोबा जर्मनीच्या बाजूने होते आणि दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

----

शंकासुर

शीर्षक आकर्षक आहे, पण मला एक सांगा. १९८८ची बल्गेरियन लीग कोणी जिंकली? विटोशाने. १९५० आणि १९५३ची? डायनामोने. लेव्स्की आज आपल्या विजेतेपदांच्या यादीत ही सगळी वर्षं धरतं की नाही? धरतं. मग 'विटोशा कधी नव्हताच' आणि 'विटोशाची ट्रॉफी मात्र आमची' हे दोन्ही एकदम कसं? सासरचं आडनाव नको पण दागिने हवेत, तसलं झालं हे.

----

पर्वतीकर

@शंकासुर, उपमेबद्दल मेघनाताई तुम्हाला बघून घेतील.

मुद्दा बरोबर आहे. २००९पर्यंतच्या २६ विजेतेपदांत १९८८ आहे, १९५० आणि १९५३ही आहेत. १९७०, ७४, ७७, ७९ आणि ८४ ही पाच तर स्पार्ताकच्या जोडनावाखाली. आणि १९८५चं, जे पक्षाने काढून घेतलं होतं, तेही नंतर परत मिळालं. म्हणजे क्लबाने नाव नाकारलं, काळ नाकारला नाही. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. खेळाडू तेच होते, बाकांवर बसणारे तेच होते.

----

मेघना वि.

बघून घेते! दागिने स्त्रीधन असतात हो, आडनाव कोणतंही लावा. (तुमचीच उपमा, तुमच्याच गळ्यात.)

आता गंभीर. स्पार्ताकचं काय झालं? सगळ्या कहाण्या लेव्स्कीच्या बाजूने सांगितल्या जातात. स्पार्ताक सोफियाने १९६८चा चषक जिंकला होता, आणि काही महिन्यांत ते एका आडव्या रेघेच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. विटोशाच्या लोकांना निदान परत जायला जुनं नाव होतं. स्पार्ताक सोफियाचा म्हातारा चाहता कुठे परत जाणार?

----

पर्वतीकर

ताई, या बाजूने मी विचारच केला नव्हता. १९६८-६९च्या त्या सपाट्यात बरीच लग्नं लावली गेली. स्लाव्हिया आणि लोकोमोटिव सोफिया यांचंही लावलं होतं, ते १९७१ला मोडलं आणि दोघं आपापल्या घरी गेले. स्पार्ताकला घर उरलं नाही.

आणि वेळ बघा: १९६८च्या नोव्हेंबरात लेव्स्कीने सीएसकेएला ७-२ धुतलं, आणि जानेवारीत हे विलीनीकरण.

----

कट्टर लाल

बरेच दिवस लॉगिन केलं नव्हतं, पण हे वाचून राहवलं नाही. मी सीएसकेएवाला. (होय, नाशकात राहून. प्रत्येकाला एक वेड असतं.)

लेव्स्की म्हणजे लोकांचा क्लब, सीएसकेए म्हणजे सरकारचा क्लब, ही गोष्ट फार चकचकीत करून विकली जाते. धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिलंय की १९६९पासून लेव्स्की गृहखात्याखाली होतं. म्हणजे एक क्लब सैनिकांचा, दुसरा पोलिसांचा. यात लोक कुठे आले? दोन मंत्रालयांची भांडणं होती ती. ८५ साली दोघांनाही फटके पडले, आम्हीही चार वर्षं 'स्रेडेट्स' म्हणून फिरलोच की. पण रडगाणं फक्त निळ्यांचं ऐकू येतं.

आणि खेळाचं बोलायचं तर ३१ विजेतेपदं. युरोपियन कपची सेमीफायनल दोनदा, १९६७ आणि १९८२. १९७३ला आयाक्सला बाहेर काढलं, जे सलग तीन वेळचे युरोप विजेते होते. १९८०ला नॉटिंगहॅम फॉरेस्ट, तेही गतविजेते. १९८२ला लिव्हरपूल, तेही गतविजेते. तीन गतविजेते! लेव्स्कीने २००६ला चॅम्पियन्स लीगच्या गटात जाऊन काय केलं ते मी सांगत नाही, सभ्य माणूस आहे.

----

चिवट

मी सभ्य नाही, मी सांगतो. सहा मॅच, सहा पराभव, एक गोल मारला, सतरा खाल्ले.

----

पर्वतीकर

बार्सिलोना, चेल्सी, वेर्डर ब्रेमेन असा गट होता हो. आणि तिथवर पोचलेला तो पहिला बल्गेरियन क्लब. ज्यांना आमंत्रणच नव्हतं त्यांनी पंगतीतल्या वाढपावर बोलू नये.

१९७६च्या मार्चमध्ये क्रायफच्या बार्सिलोनाला सोफियात ५-४ हरवलं होतं ते लक्षात ठेवा. (तिकडे जाऊन ०-४ हरून आले होते, ते विसरा.)

बाकी कट्टरलालजी, मंत्रालयाचा मुद्दा मान्य. पूर्ण मान्य. पण एक फरक राहतो. सीएसकेए १९४८च्या मे महिन्यात लष्कराच्या छत्राखाली जन्मलं. लेव्स्कीला चोपन्न वर्षांचं झाल्यावर मंत्रालय चिकटवलं. आणि लष्कराच्या क्लबला एक सोय होती जी कोणालाच नव्हती: सक्तीची लष्करभरती. चांगला पोरगा अठरा-एकोणीसचा झाला की खाकी घालून तुमच्याकडे. लेव्स्कीचा लाडका असपारुहोव्हसुद्धा सैनिकी सेवेच्या काळात निळ्या जर्सीपासून दूरच होता, फक्त तो प्लोव्हदिवच्या बोतेव्हकडून खेळला. तिथेही १९६२चा चषक जिंकून दिला.

----

हेमंतकाका

असपारुहोव्ह म्हणजे गुंडी! त्या माणसाबद्दल लिहा हो कोणीतरी. मी ऐकलंय ते टोपणनाव. आपल्याकडे सदऱ्याची गुंडी, तिकडे अख्खा देश त्या गुंडीवर.

----

पर्वतीकर

काका, लिहितो. घाईने नको म्हणून मुद्दाम मागे ठेवलं होतं.

गिओर्गी असपारुहोव्ह, जन्म ४ मे १९४३, सोफियाचाच. उंच, देखणा, नऊ नंबर. देशासाठी ५० सामने, १९ गोल, तीन वर्ल्डकप: १९६२, ६६, ७०. डिसेंबर १९६८मध्ये वेम्बलीवर, जगज्जेत्या इंग्लंडविरुद्ध, एकट्याने बॉल पळवत नेऊन मारलेला गोल. मॅच १-१.

लेव्स्की मिलानशी खेळलं त्यानंतर मिलानला तो हवा होता. त्या वेळी त्याने दिलेलं उत्तर सोफियात दंतकथेसारखं सांगतात: बल्गेरिया नावाचा एक देश आहे, त्यात लेव्स्की नावाचा एक संघ आहे. तुम्ही कदाचित ऐकलंही नसेल. मी तिथे जन्मलो आणि तिथेच मरेन. खरोखर याच शब्दांत म्हणाला का, कोण जाणे. कट्टरलालजी लगेच म्हणतील की तेव्हा सरकारने जाऊच दिलं नसतं. तेही खरं. पण लोकांनी लक्षात काय ठेवायचं ठरवलं, ते बघा.

१९७१च्या जून अखेरीस सीएसकेएविरुद्धच्या मॅचमध्ये एका बचावपटूशी झटापट झाली, गुंडी मैदानाबाहेर, वर बंदी. बंदी म्हणून मोकळा. मोकळा म्हणून ३० जूनला एका मैत्रीपूर्ण सामन्यासाठी व्रात्साकडे निघाला, स्वतःच्या गाडीने. सोबत निकोला कोत्कोव्ह, तोही मोठा खेळाडू, मूळचा लोकोमोटिव सोफियाचा. विटिन्या घाटात ट्रकशी टक्कर. दोघंही गेले. गुंडी २८ वर्षांचा.

त्याच्या अंत्ययात्रेला सोफियाचे रस्ते भरले. आज लेव्स्कीचं मैदान त्याच्या नावाने आहे. नाव १९९०ला दिलं, मैदान त्याच्या आधीचं, १९६३चं. वस्तीचं नाव सुहाता रेका, म्हणजे कोरडी नदी. चाहते मात्र मैदानाला 'गेरेना' म्हणतात.

----

कट्टर लाल

गुंडीवर काहीही बोलणार नाही. त्याच्यावर आमच्याकडचेही बोलत नाहीत.

----

सोफियाकर

धागा आज दिसला. दोन वर्षं सोफियात नोकरीला होते, २०१७ ते १९. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण सोफियात ते कळवून घ्यावंच लागतं.

पहिल्या आठवड्यात घर शोधत फिरताना भिंतीभिंतींवर निळ्या रंगात एकच अक्षर दिसायचं. तंबूच्या आकाराचं, सिरिलिकमधलं 'एल'. मला वाटलं महापालिकेची काहीतरी खूण आहे, पाडायच्या इमारती वगैरे. म्हणून एका चांगल्या फ्लॅटला मी नाही म्हणाले! मग कळलं, ते लेव्स्कीचं 'एल'.

आमचे घरमालक पन्नाशीला टेकलेले. तिकडे मोठ्या वयाच्या पुरुषाला आदराने 'बाय' म्हणतात. मी कोकणातली, मला त्यांना बाय म्हणताना दर वेळी हसू यायचं. त्यांचे वडील गुंडीच्या अंत्ययात्रेला गेले होते, ती गोष्ट त्यांनी मला निदान सहा वेळा सांगितली. आणि ते स्वतः १९८५च्या त्या फायनलला होते, सोळा वर्षांचे. मारामारीबद्दल फार सांगत नाहीत. सांगतात ते दुसरंच: दोन-तीन दिवसांनी वर्तमानपत्रात निर्णय आला तेव्हा वडिलांनी पेपर घडी घालून, न बोलता, बुटात कोंबला. ओले बूट वाळायला तिकडे पेपर कोंबतात.

त्यांच्यासोबत एकदा गेरेनाला गेले. सूर्यफुलाच्या बिया, सेमकी, कागदाच्या पुडीत. अख्खं स्टेडियम ते सोलत असतं. हाफटाइमला पायाखाली सालींचा इतका थर की भेळवाल्याच्या गाडीमागचा कोपरा आठवावा. बियांवाल्या आजींना मी विचारलं, "खारवलेल्या?" त्यांनी मान डोलावली, म्हणून घेतल्या. अळणी निघाल्या. तिकडे होकाराची मान आडवी आणि नकाराची उभी.

भेटल्यावर, निघताना, फोन ठेवताना चाहते एकच म्हणतात: "सामो लेव्स्की". फक्त लेव्स्की. विटोशा म्हणायचे का हो तुम्ही, असं मी बायना विचारलं होतं. ते म्हणाले, "विटोशा डोंगर आहे. रविवारी जातो आम्ही तिथे."

----

मेघना वि.

हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं उत्तर आहे. सोफियाकरताई, आणखी लिहा.

----

सोफियाकर

१९ फेब्रुवारीचं सांगते. लेव्स्कीला फाशी दिली त्या जागेजवळ स्मारक आहे, १८९५ सालचं, दगडी, मधोमध चौकात. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष फुलं वाहतात, शाळांची रांग लागते, आणि निळे मफलर घातलेले चाहतेही फुलं घेऊन येतात. थंडीने नाक गळत होतं. माझ्यापुढे एक बाप सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन उभा, मुलीच्या हातात एकच कार्नेशन, टोपी निळी. तिला ते क्लबासाठी चाललंय की देशासाठी, हे कळत असेल असं वाटलं नाही.

----

हेमंतकाका

१९ फेब्रुवारी! आपली शिवजयंती. काय योग आहे.

----

शंकासुर

काका, योग पुढेच आहे. लेव्स्कीला फाशी झाली जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे ६ फेब्रुवारीला. एकोणिसाव्या शतकात फरक बारा दिवसांचा, म्हणजे नवी तारीख १८ येते. पण हिशेब करताना विसाव्या शतकातला तेरा दिवसांचा फरक धरला गेला आणि १९ रूढ झाली. म्हणजे तारीख की तिथी हा वाद करायला एकटा महाराष्ट्रच नाही.

----

चिवट

धागा हायजॅक व्हायच्या आत: कट्टरलालजी, लायसन्सवर बोला ना. फार वेळ शांत आहात.

----

कट्टर लाल

येणारच होतं हे. सांगतो, उगाच लपवाछपवी नको.

२०१५ला कर्जापायी सीएसकेएला वरच्या लीगचं लायसन्स नाकारलं. थेट तिसऱ्या पातळीवर. एकतीस वेळचा विजेता गावातल्या मैदानांवर, जिथे कुंपणापलीकडे कोंबड्या. त्याच मोसमात, तिसऱ्या पातळीवरून, आम्ही देशाचा चषक जिंकला. फायनलला मॉन्टानाला १-० हरवलं. तिथल्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं. माझ्यासाठी त्या ३१ विजेतेपदांपेक्षा तो चषक मोठा.

आता वादाचा भाग. २०१६ला वर यायचं तर लायसन्स हवं. ते आलं लोवेचच्या लिटेक्सचं. लिटेक्स, चार वेळचा विजेता, आधीच्या डिसेंबरात एका मॅचमध्ये पंचावर चिडून मैदान सोडून गेला आणि लीगमधून हाकलला गेला. (ती मॅच कोणाविरुद्ध? लेव्स्कीविरुद्ध. सगळे रस्ते तिकडेच जातात.) लिटेक्सचा मालक आता सीएसकेएचा मालक होता. तर कागदावर लिटेक्सचं शरीर, आत सीएसकेए-सोफिया. काही जुन्या चाहत्यांना हे पटलं नाही, त्यांनी त्याच वर्षी वेगळा क्लब काढला, सीएसकेए १९४८. सर्वात खालून खेळत २०२०ला तेही पहिल्या लीगमध्ये आले. म्हणजे आज एकाच लीगमध्ये दोन सीएसकेए, दोघंही लाल, दोघंही म्हणतात आम्ही खरे.

मी कोणत्या बाजूचा? पहिल्या. पण रात्री झोपताना खात्री नसते.

----

पर्वतीकर

इतकं प्रामाणिक लिहिल्यावर काय बोलणार. एकच जोडतो: लोवेच म्हणजे वासिल लेव्स्कीच्या गुप्त संघटनेचं मुख्य केंद्र. लाल क्लबाचं लायसन्स लेव्स्कीच्या गावाहून आलं.

----

कट्टर लाल

हे माहीत होतं. कोणी काढू नये अशी प्रार्थना करत होतो.

----

शंकासुर

लालजींनी मन मोकळं केलं, आता निळ्यांच्या घरातलं झाकलेलंही उघडू या. ऑक्टोबर २०१३. लेव्स्कीने इवायलो पेतेव्हला प्रशिक्षक नेमलं. पत्रकार परिषदेतच चाहत्यांचा जमाव घुसला, "तू सीएसकेएवाला आहेस" म्हणत अंगावरचा क्लबचा शर्ट काढायला लावला. कॅमेऱ्यांसमोर. त्याने पद सोडलं. याच पेतेव्हने २०१२ला लुडोगोरेट्सकडून शेवटच्या दिवशी सीएसकेएला हरवून त्यांचं विजेतेपद हिसकावलं होतं! आणि ती धरून लुडोगोरेट्सने २०२५पर्यंत सलग चौदा लीग जिंकल्या. तुम्ही शर्ट काढत बसा.

दुसरं त्याहून वाईट. १४ ऑक्टोबर २०१९, त्याच वासिल लेव्स्की स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धचा सामना वर्णद्वेषी घोषणा आणि नाझी सलामांमुळे दोनदा थांबला. हा देशाचा सामना होता, क्लबाचा नाही, हे कबूल. पण क्लबांच्या कडव्या गटांतही ही कीड आहे. दुसऱ्या दिवशी महासंघाच्या अध्यक्षाने राजीनामा दिला. अध्यक्ष कोण? बोरिस्लाव मिहायलोव्ह. ज्या लेव्स्कीच्या नावाचं ते मैदान, त्याचं स्वप्न काय होतं? 'स्वच्छ आणि पवित्र प्रजासत्ताक', ज्यात बल्गेरियन, तुर्क, ज्यू सगळे समान.

----

पर्वतीकर

पेतेव्हचा प्रसंग मी मुद्दाम लिहिला नव्हता, हे कबूल करतो. लाज वाटते म्हणून. क्लब कोणाचा, हे ठरवायचा हक्क चाहत्यांनी पक्षाकडून परत घेतला आणि पहिल्या संधीला पक्षासारखेच वागले.

त्याच लोकांची दुसरी बाजू २०२०ला दिसली. जुगार-लॉटरीच्या धंद्यातला मालक देशाबाहेर गेला, त्याने आपले शेअर सोडून दिले, तिजोरीत खडखडाट. नास्को सिराकोव्ह पुढे आला. १९९४च्या संघातला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सीएसकेएवर ७-१ झाला त्यात एकट्याने चार मारलेला. चाहत्यांनी रिकाम्या स्टेडियमची तिकिटं विकत घेतली, वर्गण्या दिल्या. २०२२ला चषक जिंकला, फायनलला समोर सीएसकेए, १-०. पहिल्या लीगमधून हा क्लब कधीच खाली गेलेला नाही.

----

कट्टर लाल

७-१ काढल्याबद्दल निषेध.

----

मेघना वि.

एक कुतूहल. हे एकमेकांना चिडवतात काय म्हणून? छापण्यासारखं असेल तरच लिहा.

----

सोफियाकर

बरंचसं छापण्यासारखं नाही. एक चालेल: लेव्स्कीवाले सीएसकेएवाल्यांना 'चोर्बारी' म्हणतात. चोर्बा म्हणजे सूप. लष्कर, बराक, मोठ्या पातेल्यातलं सूप, असा तो धागा जोडतात. शब्द तुर्कीतून आलेला, आणि मुळात फारसी. आपला शोरबा तोच.

आणि हो, शंकासुरांचा पहिला प्रश्न मी काल बायना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारला. १९८८ची लीग कोणी जिंकली? त्यांचा उलटा व्हॉइस मेसेज आला, पाच मिनिटांचा. थोडक्यात: त्या वर्षी ते सक्तीच्या लष्करी सेवेत होते. निकाल बराकीतल्या रेडिओवर ऐकला. निवेदक 'विटोशा' म्हणाला, खोलीतले चौघं निळे उठून नाचले, आणि सार्जंट पक्का सीएसकेएवाला निघाला. शिक्षा म्हणून आठवडाभर स्वयंपाकघरात.

"काय करत होता तिथे?" मी विचारलं.

"चोर्बा ढवळत होतो," म्हणाले.